कंबर धरली म्हणून झोपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत कंबरदुखीवर अर्धं पान आलं होतं. कंबर धरली की तीन आठवडे सक्तीची विश्रांती, झोपायला कडक फळी, उठल्यावर कमरेला पट्टा, असा एकूण सल्ला. आमच्या पतसंस्थेत दुपारी डबे उघडल्यावर तो मोठ्यानं वाचला गेला. शिपाईमामांनी कात्रण कापून माझ्या काउंटरवर आणून ठेवलं. "मॅडम, तुमचंच लिवलंय बघा." वाचून झाल्यावर मी त्यांना एवढंच म्हटलं की मामा, हा उपाय मी २००७ साली अक्षरशः केलाय आणि त्याची फळं अजून भोगतेय. त्यावर ते म्हणाले, "मग तसं लिवा की पेपरला." म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण गोळ्यांचा भाग कापू नका.

मी सत्तेचाळीस वर्षांची, रंकाळ्याजवळ राहते, पतसंस्थेत कॅशला बसते. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. हे नाव घेतलं की समोरचा हमखास म्हणतो, "अगं, मलापण स्पॉन्डिलायटिस आहे, मान अवघडते, मी पट्टा लावते." आपल्याकडं मानेच्या मणक्यांची झीज झाली की तिलाही सरसकट स्पॉन्डिलायटिस म्हणतात, आणि या एका शब्दानं माझी निम्मी वर्षं खाल्ली. ती झीज वयानं होते. माझा आजार झिजेचा नाही. शरीराची स्वतःची संरक्षणाची फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना कण्याचा आणि ओटीपोटाच्या हाडांचा जिथं सांधा आहे तिथं आधी दाह सुरू होतो, मग वर कण्यात चढतो. दाह बरीच वर्षं तसाच धुमसत राहिला तर शरीर तिथं हाड भरायला लागतं आणि मणके एकमेकांना जुळून जातात. हा साधारण तरुणपणी, पंचेचाळिशीच्या आत सुरू होणारा आजार आहे.

माझं दुखणं धाकटीच्या बाळंतपणानंतर सुरू झालं, मी सव्वीस वर्षांची असताना. साहजिकच सगळा दोष बाळंतपणावर गेला. "कंबर नीट बांधून घेतली न्हाईस," सासूबाई म्हणाल्या. शेक-शेगडी झाली, डिंकाचे लाडू झाले, ओव्याची धुरी झाली. पहाटे तीनला कमरेखाली, बैठकीच्या भागात, कुणी पाना लावून आवळतंय असं वाटून जाग यायची. आज डावीकडं, चार दिवसांनी उजवीकडं. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करायला लागायची. पडून राहिलं की वाढायचं, म्हणून उठून सोप्यातून स्वयंपाकघरात आणि परत अशा चकरा. सासूबाई म्हणायच्या, हिच्या चपला वाजल्या की तीन वाजले समजायचं, घड्याळाची गरज नाही. साडेपाचला नळाला पाणी. वाकून पहिली घागर उचलताना जीव जायचा, दहावी घागर भरेपर्यंत कंबर मोकळी. आठ वाजता डबे करताना मी धडधाकट.

आता गंमत बघा. हालचालीनं बरं वाटणं आणि आरामानं वाढणं हीच या आजाराची सगळ्यात मोठी खूण. आणि आमच्या घरात हाच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला. काम करताना तर काही होत नाही, मग पहाटे कसं दुखतं? बाईच्या जातीला असली नाटकं शोभत नाहीत, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण भिंतीआडून ऐकू यायचं. पूर्वी हा पुरुषांचाच आजार समजत, त्यामुळं डॉक्टरांच्याही मनात तो लवकर यायचा नाही. तेव्हा समजत होते त्यापेक्षा बायकांत तो आता बराच जास्त सापडतो.

२००७ मध्ये हाडांच्या एका डॉक्टरांकडं गेलो. एक्सरे नॉर्मल. सायटिका असेल म्हणून वजनं लावली आणि तीन आठवडे झोपवलं. पहिल्या आठवड्यात मला जरा माहेरपण आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या आठवड्यापासून पहाटेचं दुखणं दिवसाही थांबेना. तिसऱ्या आठवड्यात अंथरुणातून उभी राहायला वीस मिनिटं लागायला लागली आणि मान मागं वळायची बंद झाली. कोणी हाक मारली तर मी सगळीच्या सगळी वळायची, तिजोरीचं दार वळावं तशी. वर उपाय म्हणून पाच वर्षांच्या मुलाला माझ्या पाठीवर चालवलं. त्याला मजा वाटायची. दिराचं मत होतं की तालमीतल्या वस्तादांना बोलवावं, ते एका झटक्यात कणा मोकळा करतात. कोल्हापुरात तालमीच्या तेलापुढं आणि वस्तादांच्या हातापुढं कुणी बोलायचं नसतं, निखळलेला खांदा बसवताना मी स्वतः बघितलंय. पण जुळत आलेला कणा काठीसारखा ठिसूळ असतो, त्याला कडकड वाजवून मोकळा करायला गेलं तर मोडू शकतो. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. वस्ताद गावाला गेले होते म्हणून मी वाचले.

एक्सरे नॉर्मल होता याचं आता नवल वाटत नाही. त्या सांध्यातला बदल एक्सरेत दिसायला काही वर्षं जातात. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज त्याआधी दिसते. रक्तातला सीआरपी वाढलेला असला तर दाह आहे हे कळतं, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांचा तो नॉर्मलही येतो. माझा एकदा नॉर्मल आला तेव्हा "टेन्शन घेऊ नका" असं लिहून मिळालं होतं. गोळीही टेन्शनचीच.

निदान शेवटी डोळ्यानं केलं. २०१२ च्या उन्हाळ्यात उजवा डोळा लालभडक झाला, उजेडाकडं बघवेना, आत ठणका. शेजारणीनं डोळे आलेत म्हणून गुलाबपाणी दिलं. दोन दिवसांनी अंधुक दिसायला लागल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी यंत्रातून बघितलं, डोळ्याच्या आत, बुबुळाच्या रंगीत भागाला सूज आहे म्हणाल्या, थेंब लिहून दिले, आणि चिठ्ठी हातात देता देता विचारलं, "सकाळी उठताना कंबर आखडते का हो?" आठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिथंच रडले. आमच्यातल्या साधारण चारातल्या एकाला कधी ना कधी डोळ्याचा हा त्रास होतो. तो एका डोळ्याला, अचानक, उजेड सहन न होणारा असा असतो, आणि तो घरगुती थेंबांवर काढला तर नजर जाऊ शकते. त्या बाईंनीच संधिवाताच्या डॉक्टरांकडं पाठवलं. हाडांचे डॉक्टर वेगळे आणि संधिवाताचे वेगळे, हेही मला तेव्हाच कळलं. मिरजेला एमआरआय झाला, रक्तात एचएलए-बी २७ (या आजाराशी जोडलेली, आईबापांकडून येणारी एक खूण) सापडलं, आणि चौतिसाव्या वर्षी माझ्या दुखण्याला नाव मिळालं.

आता गोळ्यांचं. निदान होण्याआधी मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून कंबरदुखीच्या गोळ्यांची पट्टी आणायची. चिठ्ठी कधी मागितली नाही, मीही कधी दाखवली नाही. दुखलं की एक, जास्त दुखलं की दोन. त्यात डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगळ्या रंगाची, वेगळ्या नावाची. दोन्ही आतून एकाच जातीच्या आहेत हे मला कुणी सांगितलं नाही. २०१० च्या श्रावणात शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. मी मनाशी म्हटलं, काल कारळ्याची चटणी जास्त झाली. तिसऱ्या दिवशी काउंटरवर नोटा मोजताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गड्ड्यांवरच डोकं टेकलं. पोटात अल्सर, त्यातून रक्तस्राव, हिमोग्लोबिन सात. दोन बाटल्या रक्त चढलं. शौचाला काळं, चिकट होणं म्हणजे वरच्या पोटात रक्त जातंय, हे प्रत्येक वेदनाशामकाच्या पाकिटावर कारळ्याच्या चटणीएवढं ठळक छापायला पाहिजे.

एवढं झाल्यावर मी गोळ्यांना हात लावायची नाही अशी शपथ घेतली होती. म्हणून २०१२ मध्ये संधिवाताच्या डॉक्टरांनी पुन्हा त्याच जातीची गोळी लिहिली तेव्हा मी चिठ्ठी परत केली. त्यांनी शांतपणे समजावलं. एरवीच्या कंबरदुखीत ही गोळी दुखणं झाकते. या आजारात दाहच दुखण्याचं मूळ असल्यामुळं ती दाह उतरवते, म्हणून इथं ती पहिलं औषध आहे. दुखलं तर घेतली, नाही तर सोडली, असं करून तिचा गुण कळत नाही. ठरलेला पूर्ण डोस दोन ते चार आठवडे घ्यायचा, मग उतार आहे का ते बघायचं, नसेल तर दुसरी. माझ्या पोटाचा इतिहास बघून त्यांनी इटोरिकॉक्सिब निवडली, सोबत पोट जपायची गोळी. रात्री जेवणानंतर घ्यायची, म्हणजे पहाटे तीनला तिचा अंमल चालू असतो. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, प्रत्येक भेटीला रक्तदाब, कारण या गोळ्या मूत्रपिंडावर आणि दाबावर जातात. बाहेरून दुसरी कुठलीही वेदनाशामक नाही. दात दुखला तरी आधी फोन. हे वाचून कुणी हीच गोळी दुकानातून आणू नये. तुमचं पोट आणि तुमचं मूत्रपिंड बघून तुमची गोळी ठरते. गोळी तीच, पण कुणाच्या तरी नजरेखाली घेतली तर औषध आणि पट्टी फाडून घेतली तर दोन बाटल्या रक्त, एवढा मला अनुभव आहे.

पुड्यांबद्दल थोडक्यात. मधल्या काळात नात्यातल्या एकांनी एका खेड्यातून वातावरची पुडी आणून दिली. आठ दिवसांत मी जमिनीवर बसून भाकऱ्या थापायला लागले. महिन्यात तोंड भोपळ्यासारखं, भूक राक्षसासारखी. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, काय घेताय? त्यांच्या मते त्यात स्टिरॉइड होतं, आणि ते अचानक सोडलं तरी धोका. पुडीवर घटक कुठं लिहिलेले असतात? कण्याच्या या आजारात पोटातून दीर्घकाळ स्टिरॉइड देतच नाहीत, हे नंतर समजलं. डोळ्यात घालायचे स्टिरॉइडचे थेंब ही गोष्ट वेगळी.

गोळ्यांनी चार वर्षं बरी काढली. मग दोन गोळ्या बदलूनही पहाट परत आली, आणि २०१७ मध्ये इंजेक्शनचा विषय निघाला. अडॅलिम्युमॅब, दर पंधरा दिवसांनी पोटाच्या कातडीखाली, घरी स्वतः टोचायचं. हे मूळ परदेशी औषध, पण २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं त्याचं जगातलं पहिलं जैवसमान औषध, म्हणजे मूळ औषधाच्या तोडीची दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, इथंच आणलं आणि किंमत बरीच खाली आली. खाली आली म्हणजे पगारदार माणसानं भिशी मोडून, दागिना ठेवून परवडवायची, इतकीच. ही इंजेक्शनं शरीराची फौज थोडी शांत करतात, त्यामुळं अंगात लपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्सरे आणि हातावर मँटूची चाचणी. माझ्या हाताला गाठ आली. घरात टीबी शब्द ऐकून सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. आजार नव्हता, जंतू झोपलेले होते. सहा महिने आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध घेतलं, पहिला महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू झालं. ताट मात्र वर्षभर वेगळंच राहिलं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर एके पहाटे जाग आली ती अलार्मनं. साडेपाच वाजले होते. मी तीनला उठलेच नव्हते. कूस बदलली, परत बदलली, उगाचच.

हे इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवायला लागतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवरून ५५ फुटांच्या पुढं गेली, तेव्हा आमच्या दारात पाणी आलं नाही पण वीज गेली. फ्रिज बंद. यजमान बिचारे गुडघाभर पाण्यातून राजारामपुरीला नणंदेकडं इंजेक्शन देऊन आले, तिच्याकडं वीज होती. भाच्याला सांगितलं होतं, गार ठेव. त्यानं प्रेमानं फ्रीझरमध्ये ठेवलं. गोठलेलं इंजेक्शन वितळवून चालत नाही, फेकायलाच लागतं. वाईट याचं वाटलं की पंचवीस अंशांच्या आत ते बाहेरही काही दिवस टिकतं, किती ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. त्या आठवड्यात आमच्या देवघराच्या कोनाड्यातसुद्धा ते सुखरूप राहिलं असतं. पूर आला की औषधाचं खोकं हलवण्याआधी त्यातला कागद वाचा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. पुढचं इंजेक्शन मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि घागरीचे दिवस आठवले. ताप असेल, जखम चिघळली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचं नाही, हा दुसरा नियम. हल्ली याच कामाच्या गोळ्याही निघाल्या आहेत, टोफासिटिनिबसारख्या, पण त्यांनाही क्षयाच्या तपासण्या आहेत आणि हृदयाचा, रक्ताच्या गुठळ्यांचा विचार करायला लागतो. तो डॉक्टरांवर सोडा.

औषध कुठलंही असो, हलायला लागतंच. इंजेक्शन घेऊन खुर्चीत बसलेली माणसं मी वाकलेली बघितली आहेत. माझं सकाळचं गणित ठरलंय. अंथरुणातच गुडघे छातीशी, मग गरम पाण्याची अंघोळ, मग रंकाळा. चौपाटीच्या बाजूनं चालत जाऊन परत येईपर्यंत पाऊण तास. चालताना नजर पाण्यावर नाही, समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर, म्हणजे मान खाली येत नाही. दीर्घ श्वास मुद्दाम, कारण बरगड्यांचे सांधेही यात धरतात. घरी आल्यावर दारामागच्या भिंतीला टाचा, बैठक, पाठ लावून उभं राहायचं आणि डोकं मागं भिंतीला टेकतं का बघायचं. २०१२ मध्ये चार बोटं अंतर राहायचं. आता एक बोट राहतं. भिंतीवर तेलाचा डाग पडलाय, रंगारी विचारतो काय आहे, मी सांगत नाही. दुपारी पंधरा मिनिटं पालथं झोपणं. उशी पातळ, पाठीचा कणा वाकेल अशी लोळण्याची जागा घरात ठेवलेलीच नाही.

काउंटरवर मी दर अर्ध्या तासानं उभी राहते. रांगेतले लोक कुरकुरतात. पेन्शनच्या तारखेला तर "बाईंचं कवायत झालं का?" असंही ऐकलंय. परवापासून मी उभ्यानंच नोटा मोजते, उंच स्टूल आणून घेतलंय.

खाण्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. सहा वर्षं मी वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, दही बंद ठेवलं होतं, वातूळ म्हणून. काडीचा फरक पडला नाही. तांबड्या रश्शानं सूज वाढली असंही कधी झालं नाही, पोटाला सोसेल इतका खावा. तंबाखू आणि विडी-सिगारेट मात्र खरंच वाईट, विडी-सिगारेटनं तर कणा लवकर जुळतो. हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडं लक्ष ठेवायचं.

तर संपादक महाशय, माझी मागणी लहान आहे. साध्या कंबरदुखीतही आता कुणी तीन-तीन आठवडे झोपवून ठेवत नाही, तेव्हा त्या लेखाची दुरुस्ती छापा. आणि शेजारी चौकटीत हे प्रश्न छापा. कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय का? सुरुवात पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू झाली का? पहाटे दुखण्यानं जाग येते का? सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहतो का? चाललं की कमी आणि पडलं की जास्त, असं आहे का? मधेच कधी एक डोळा लाल होऊन उजेड नको झाला होता का? यातल्या बऱ्याच प्रश्नांना हो असेल तर फळी आणि पट्टा घेण्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. सहाच ओळी आहेत, सोन्याच्या भावाच्या चौकटीखाली मावतील.

एक विनंती. पत्राखाली माझं नाव छापू नका. धाकटी आता एकवीस वर्षांची आहे, स्थळं बघतोय. ते बी २७ माझ्याकडून तिच्याकडं आलं असण्याची शक्यता निम्मी, आणि आलं तरी ज्यांच्यात ते असतं त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. हे मला पाठ आहे. पण स्थळ बघायला आलेल्यांना मी हे चहाच्या कपाबरोबर समजावून सांगू शकेन असं वाटत नाही. पोरीला मात्र मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "आई, तू नाव छाप गं, ज्यांना चालणार नाही ते आधीच गाळले जातील." तिचं बरोबर असेल. माझं अजून धाडस होत नाही.

आपली,
पतसंस्थेतील एक कर्मचारी, कोल्हापूर